अडचण प्लॉटची सांगा, संसाराची नको

(न्यू जर्सीतील मराठी घरमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जुनं घर पाडून नवं बांधायला माझ्याकडे येणारे बहुतेक जण एकाच वाक्यानं सुरुवात करतात. "आई-बाबा कायमचे इकडे येताहेत, खाली एक खोली हवीच." मी मान डोलावतो आणि सांगतो, घरात हे खरं असेल, पण झोनिंग बोर्डासमोर, म्हणजे बांधकामाच्या नियमांतून सूट द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या गावच्या मंडळासमोर, याच्यावर भिस्त ठेवू नका.

आपल्या राज्याच्या १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये, म्हणजे जमीन-वापराच्या कायद्यात, 'हार्डशिप' (अडचण) हा शब्द आहे. तो वाचला की आपल्याला आपला संसार आठवतो. कायदा मात्र जमिनीबद्दल विचारतो. प्लॉट कमालीचा अरुंद आहे का? पुढून मागपर्यंतची लांबी कमी आहे का? आकार वेडावाकडा आहे का? उतार आहे, मागून ओढा वाहतो, असं काही आहे का? आणि त्यामुळेच नियम पाळणं अशक्यप्राय होतं का? गावानं पंचाहत्तर फूट रुंदी मागितली आणि तुमचा जुना प्लॉट चाळीसच फुटांचा निघाला, तर बोलायला जागा आहे. पण तुम्हीच मोठ्या प्लॉटचे तुकडे करून एक विकला असेल, तर ती अडचण तुमच्याच हातची. बोर्ड ती मोजत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट सांगतो. शेजारच्या हद्दीपासून तीन फुटांवर उभं असलेलं जुनं घर नियमात बसत नसलं, तरी नियमाआधीचं म्हणून चालतं. त्याचं अंशतः नुकसान झालं तर दुरुस्तही करता येतं. पण घर पूर्ण पाडलंत की तो हक्कही त्याच्याबरोबर गेला. "जुन्याच पायावर बांधतोय हो," हे उत्तर पुरत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी कंत्राटदारानं वाळवी लागलेली एक भिंत काढली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी फक्त चिमणी उरली. परवाना होता नूतनीकरणाचा. काम थांबलं आणि व्हेरियन्सचा, म्हणजे नियमातून सूट मागण्याचा, अर्ज पहिल्या पायरीपासून करावा लागला. म्हणून हातोडा पडण्याआधी अर्ज करा.

अरुंद प्लॉट असेल तर बोर्ड आणखी एक विचारतं: शेजाऱ्याकडून पट्टा विकत घ्यायचा प्रयत्न केलात का? किंवा तुमचा प्लॉट त्याला वाजवी भावात देऊ केलात का? शेजारी नाहीच म्हणणार हे माहीत असलं तरी पत्र लिहा आणि उत्तर जपून ठेवा. ही पत्रं पुरावा म्हणून कामाला येतात.

हद्दीपासून मोकळी सोडायच्या ज्या जागेला पुण्यात आपण 'मार्जिन' म्हणतो, ते इथलं सेटबॅक. त्यात सूट हवी असेल तर साधं बहुमत पुरतं. मात्र उंची मर्यादेपेक्षा दहा फूट किंवा दहा टक्क्यांहून जास्त वाढवलीत, तर प्रकरण दुसऱ्या वर्गात जातं आणि पाच मतं लागतात. सात जणांच्या बोर्डात त्या रात्री पाचच आले असतील, तर एक नकारही पुरे. अशा वेळी पुढची तारीख मागणारा वकील हुशार.

शिवाय प्लॉटची अडचण सिद्ध झाली म्हणजे झालं असंही नाही. लोकहिताला मोठी बाधा येत नाही आणि गावाच्या झोनिंगचा हेतू मोडत नाही, हेही दाखवावं लागतं. इथे शेजारी येतात. दोनशे फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, जाहीर नोटीसही प्रसिद्ध करावी लागते. एक नोटीस राहिली तरी सुनावणी पुढे जाऊ शकते. त्याच्याही आधी नकाशा घेऊन स्वतः दारावर जा. चकली न्यायची का, हा तुमचा प्रश्न. नकाशा मात्र न्या.

एका सुनावणीत आम्ही तासभर रुंदी, हद्द, सावली यांवर बोललो. मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. त्यांना उंचीचं काहीच नव्हतं. "तुमच्या छपराचं पाणी माझ्या तळघरात येणार का?" एवढंच त्यांनी विचारलं. आमच्या इंजिनिअरनं तिथल्या तिथे नकाशावर ड्रायवेलची, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याची, जागा दाखवली, बोर्डानं ती मंजुरीची अट म्हणून लिहून घेतली आणि मग मतदान झालं.