नव्या जहाजाची पहिली खेप

नमस्कार, श्रोतेहो.

२९ मे १९३५ रोजी फ्रान्समधील ल हाव्र बंदरातून 'नॉर्मंडी' हे प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे निघाले. त्या काळातील हे सर्वांत मोठे आणि अत्यंत देखणे जहाज होते, आणि पहिल्याच खेपेत त्याने अटलांटिक महासागर ओलांडण्याचा वेगाचा विक्रम केला. मात्र मागच्या भागातील प्रवाशांना त्या विक्रमाची किंमत हादऱ्यांच्या रूपाने मोजावी लागली. जहाज पूर्ण वेगात आले की तिथल्या भिंती आणि फर्निचर सतत थरथरत असे. दोष पंख्यांत, म्हणजे जहाज पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरमध्ये होता. पुढे तीन पात्यांच्या पंख्यांच्या जागी चार पात्यांचे पंखे बसवण्यात आले आणि हादरे पुष्कळ कमी झाले. नव्या कोऱ्या क्रूझ जहाजावरून सफर करण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी सर्वप्रथम हीच हकिगत सांगते. उत्तम आराखडा, कुशल कारागीर आणि अफाट खर्च हे सारे जमून आले, तरी माणसे राहायला आल्याशिवाय जहाजाला आपले स्वतःचे दोष कळत नाहीत.

तुम्ही विचाराल की समुद्रावरच्या चाचण्या मग कशासाठी असतात? त्या चाचण्या अतिशय कसोशीने होतात, याविषयी शंका नको. बांधणी पूर्ण होत आली की जहाज कारखान्याच्या माणसांसह खुल्या समुद्रात नेले जाते, पूर्ण वेगाने पळवले जाते, एकाएकी थांबवले जाते, तीव्र वळणे देऊन पाहिले जाते आणि नांगर टाकून व उचलून तपासला जातो. परंतु त्या वेळी जहाजावर असतात ते तंत्रज्ञ आणि निरीक्षक. हजारो प्रवासी रात्रीच्या जेवणापूर्वीच्या एकाच तासात स्नान करतात, एकाच वेळी लिफ्टसमोर गर्दी करतात आणि एकाच मिनिटाला मोबाईलवरून नाटकाची जागा राखून ठेवू पाहतात, ही परीक्षा भर समुद्रातल्या चाचणीत होत नाही. 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाचे उदाहरण घ्या. फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेले हे जहाज २७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून पहिल्या सफरीला निघाले. त्याची लांबी ३६५ मीटर, मजले २०, एका केबिनमध्ये दोघे असे धरले तर प्रवासी ५,६१० आणि कर्मचारी सुमारे २,३५०. एवढ्या वस्तीचे गाव एका दुपारी वसते आणि संध्याकाळी चालू लागते. म्हणूनच अनेक कंपन्या तिकिटाच्या सफरींपूर्वी आपले कर्मचारी, प्रवास एजंट आणि निमंत्रित यांना घेऊन एकदोन छोट्या फेऱ्या करतात. त्यांचा खरा हेतू सराव हाच असतो.

येथे थोडे विषयांतर करते, कारण जाहिरातींतील एका आकड्याने अनेकांचा गोंधळ होतो. 'आयकॉन ऑफ द सीज'ची नोंद २,४८,६६३ टन अशी दिसते. हे जहाजाचे वजन नाही. जहाजाच्या बंदिस्त जागेचे आकारमान मोजण्याचे ते एक माप आहे. त्यामुळे प्रवाशाने हा आकडा एकूण प्रवाशांच्या संख्येने भागून पाहावा. दर माणशी किती जागा वाट्याला येईल, याचा अंदाज त्यातून येतो आणि दोन नव्या जहाजांची तुलना छायाचित्रांपेक्षा अधिक विश्वासाने करता येते.

आता पहिला आणि सर्वांत मोठा धोका सांगते, तो म्हणजे सफर ठरल्या दिवशी निघेलच असे गृहीत धरण्याचा. 'क्वीन एलिझाबेथ टू' या प्रसिद्ध जहाजाच्या टर्बाइनमध्ये १९६८ च्या अखेरीस चाचण्यांच्या वेळी बिघाड आढळला, तेव्हा मालक कंपनीने जहाज ताब्यात घेण्यास नकार दिला आणि न्यूयॉर्ककडची पहिली सफर २ मे १९६९ रोजी निघू शकली. जपानमधील नागासाकी येथे बांधलेले 'आयडाप्रिमा' २०१६ मध्ये कंपनीच्या हाती आले ते सुमारे एक वर्ष उशिरा. जहाजबांधणी हे हजारो पुरवठादारांचे काम आहे. एका यंत्राचा उशीर पुढच्या दहा कामांना अडवतो. त्यामुळे पहिल्या काही सफरींचे तिकीट काढताना करारातील रद्द करण्याविषयीची कलमे शांतपणे वाचावीत. सफर रद्द झाली तर जहाजाचे भाडे परत मिळते किंवा पुढच्या सफरीत वळते करता येते, पण बंदरापर्यंतचा विमानप्रवास आणि हॉटेल तुम्ही स्वतंत्रपणे घेतले असेल, तर त्या खर्चाची जबाबदारी कोणाची, हे कंपनीच्या करारात आणि विम्याच्या कागदांत आधीच पाहून ठेवायला हवे. बदलता येईल असेच विमानाचे तिकीट घ्यावे, असा माझा आग्रह आहे. वर्षभर बचत करून निघालेल्या कुटुंबाचा हिरमोड होताना पाहणे फार क्लेशदायक असते.

मी स्वतः एका नव्या जहाजाच्या दुसऱ्या सफरीवर होते. पायऱ्यांच्या कठड्यांवर कारखान्यात लावलेले संरक्षक प्लास्टिक अजून तसेच होते, गालिच्याखालच्या गोंदाचा वास मार्गिकेत दरवळत होता, आणि एका मजल्यावरचे उपाहारगृह दोन दिवस पडदे ओढून बंद होते, कारण आत सुतार काम करत होते. माझ्या केबिनमधील वातानुकूलन पहिल्या रात्री इतके थंड होते की मी दोन पांघरुणे मागवली, आणि शेजारच्या केबिनमधील दांपत्य उकाड्याने बेजार होते. हवेचे प्रमाण प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक टोकाला जुळवून घ्यावे लागते आणि ते केबिन भरल्यावरच नीट जुळते, असे मला तिथल्या अभियंत्याने समजावून सांगितले. आजच्या जहाजांतील केबिन बहुतेक वेळा कारखान्यात स्नानगृहासह पूर्ण तयार होतात आणि खोक्यासारख्या जहाजात सरकवल्या जातात. एखाद्या खणाची कडी सैल बसवली गेली, तर तीच कडी शंभर केबिनमध्ये सैल असू शकते. तुम्ही ती नोंदवली तर इतर नव्याण्णव जणांचेही काम होते.

नोंदवण्याचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नव्या जहाजासोबत पहिले काही महिने बांधणी कारखान्याचे अभियंते प्रवास करतात. त्यांचे काम हमीच्या काळातील दोष शोधून दुरुस्त करणे हेच असते. ही प्रथा जुनी आहे. १० एप्रिल १९१२ रोजी 'टायटॅनिक' निघाले तेव्हा बेलफास्टच्या कारखान्याची नऊ माणसे, जहाजाचा आराखडा करणारे टॉमस अँड्र्यूज यांच्यासह, याच कामासाठी जहाजावर होती, आणि त्यांपैकी एकही परतला नाही. आजही अशा माणसांपुढे दोषांची लांबलचक यादी असते. पहिल्याच दिवशी केबिनमधला प्रत्येक नळ, दिवा, खण आणि दार वापरून पाहावे, आणि दोष स्वागतकक्षात केबिन क्रमांकासह लेखी द्यावा. शेवटच्या दिवशी रागाने सांगितलेली तक्रार तुमच्या सफरीला काहीच उपयोगाची नसते. शौचालयाबाबत मात्र विशेष काळजी घ्या. जहाजावरील शौचालये हवेच्या ओढीने चालतात. अरुंद नळांचे एक मोठे जाळे असते आणि त्यात बांधकामातील कापडाचा तुकडा किंवा कोणी टाकलेला ओला रुमाल अडकला, तर एका केबिनऐवजी सबंध पट्ट्यातील शौचालये काही तास बंद पडतात. नव्या जहाजावर हे अधिक घडते.

कर्मचाऱ्यांविषयी प्रवाशांच्या मनात चुकीची कल्पना असते. जहाज नवे म्हणजे माणसेही नवखी, असे नसते. अनुभवी अधिकारी महिनोन्महिने आधी बांधणी कारखान्यात जाऊन राहतात, आणि कंपनी आपल्या इतर जहाजांवरून निवडक माणसे आणते. माझ्या केबिनची व्यवस्था पाहणारा तरुण हे आपले तिसरे नवे जहाज आहे, असे अभिमानाने सांगत होता. मात्र त्यालाही पहिल्या आठवड्यात कपडे धुण्याच्या विभागाकडे जाणारा जिना शोधावा लागत होता. स्वयंपाकघरात उत्तम आचारी असतात, पण भट्टीपासून टेबलापर्यंतचे अंतर त्यांच्या पायांना अजून पाठ झालेले नसते, म्हणून पहिल्या दिवसांत जेवण उशिरा येते. नाट्यगृहातील सरकते मंच आणि पाण्याचे खेळ नवे असल्यामुळे एखादा प्रयोग ऐनवेळी रद्द होतो. ज्या कार्यक्रमासाठी तुम्ही मुद्दाम आला आहात, त्याची जागा सफरीच्या सुरुवातीच्या दिवसासाठी राखावी, म्हणजे रद्द झाला तरी नंतर संधी राहते.

केबिन निवडताना नव्या जहाजात एक खास अडचण येते. जुन्या जहाजाची कोणती खोली आवाजाची आहे, हे आधीचे प्रवासी सांगू शकतात. इथे आधीचे प्रवासीच नाहीत. त्यामुळे मजल्यांचा नकाशा हाच आधार. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी खोली घ्यावी. पोहण्याच्या तलावाखाली पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, नाट्यगृहाच्या वर रात्री उशिरापर्यंत संगीत ऐकू येते, आणि अगदी पुढच्या टोकाला, खालच्या मजल्यांवर, बंदरात शिरताना नांगराची साखळी आणि जहाज बाजूला सरकवणारी यंत्रे झोप मोडतात.

सुरक्षेच्या सरावाबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि ३२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी नुकत्याच जहाजावर आलेल्या काही प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले. अनेक नव्या जहाजांवर माहितीचा भाग मोबाईलवर किंवा केबिनमधील पडद्यावर पाहायचा असतो आणि मग आपल्या जमण्याच्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची असते. सात छोटे आणि एक लांब असा भोंगा ऐकू आला की तिथे जायचे, एवढे घरातल्या लहान मुलालाही शिकवावे. नव्या जहाजात मार्गिका सारख्याच दिसतात. म्हणून केबिनपासून त्या ठिकाणापर्यंत एकदा लिफ्ट न वापरता जिन्याने चालून यावे.

एवढे सगळे ऐकून कोणी विचारेल की मग जावे की जाऊ नये. वृद्ध आईवडिलांना घेऊन आयुष्यात एकदाच अशी सफर करणार असाल, तर जहाज सुरू झाल्यावर तीनचार महिने थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्यांना जहाजांचीच ओढ आहे, त्यांनी पहिल्या आठवड्यांतच जावे. एखाद्या बंदरात जहाज पहिल्यांदा येते, तेव्हा अग्निशामक नौका पाण्याचे फवारे उंच उडवून त्याचे स्वागत करतात, आणि बंदराचे अधिकारी जहाजावर येऊन कप्तानाशी स्मृतिचिन्हांची देवाणघेवाण करतात. दुसऱ्या वेळी हे होत नाही.

आमच्या सफरीच्या सहाव्या दिवशी सकाळी मी न्याहारीला निघाले, तेव्हा कठड्यांवरचे प्लास्टिक निघालेले होते. कारखान्याचा एक कारागीर खालच्या पायरीवर बसून कठड्याच्या लाकडावरून हात फिरवत होता, आणि वरून उतरणाऱ्या प्रवाशांना वाट देण्यासाठी मधूनमधून उठून उभा राहत होता.