वारव्हिलच्या वाळूतल्या चिलखती गाड्या

मंडळी, नॉर्मंडी म्हटलं की मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये उतरल्या ती ६ जून १९४४ ही तारीख आपोआप ओठांवर येते. आजच्या स्मारकाची तारीख मात्र १ ऑगस्ट १९४४ आहे. ६ जूनला समुद्रातून उतरलेल्या फौजेत फ्रेंच किती होते, तर फ्रेंच नौदल अधिकारी कीफेर यांचे १७७ कमांडो, तेही ब्रिटिश तुकड्यांबरोबर सोर्ड किनाऱ्यावर. रणगाडे, तोफा, रुग्णवाहिका असा सगळा लवाजमा घेऊन एक अख्खी फ्रेंच डिव्हिजन मायदेशी परतली ती आठ आठवड्यांनी, युटा किनाऱ्यावर. ही जनरल लक्लेर यांची दुसरी चिलखती डिव्हिजन. तिचं स्मारक सें-मार्तें-द-वारव्हिल गावच्या हद्दीत, किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत आहे.

या जागेचं एक वैशिष्ट्य सहसा कुणी सांगत नाही. ६ जूनला अमेरिकन चौथी डिव्हिजन ठरल्याप्रमाणे या वारव्हिलच्या टेकड्यांसमोरच उतरायची होती. प्रवाहानं होड्या दक्षिणेला जवळपास दोन किलोमीटर ओढून नेल्या आणि युटाचं नाव ला मादलेनच्या वाळूला चिकटलं.

स्मारकात दगडी स्तंभाशेजारी गाड्या ठेवल्या आहेत : एम-८ ग्रेहाउंड ही सहाचाकी चिलखती मोटार आणि एम-३ हाफ-ट्रॅक, म्हणजे पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेली गाडी. दोन्ही अमेरिकन बनावटीच्या. पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की फ्रेंच स्मारकात अमेरिकन गाड्या कशा? उत्तर सरळ आहे. ही डिव्हिजन २४ ऑगस्ट १९४३ रोजी मोरोक्कोत तेमारा इथे उभी राहिली. माणसं फ्रान्सची आणि तिच्या वसाहतींची होती, शिवाय परागंदा स्पॅनिश प्रजासत्ताकवादीही होते. लोखंड मात्र सगळं अमेरिकेचं. रणगाडे प्रामुख्यानं शर्मन एम-४-ए-२, म्हणजे दोन डिझेल इंजिनं जोडून चालणारा प्रकार. अमेरिकन लष्कर स्वतः पेट्रोलवरचे शर्मन पसंत करायचं, म्हणून डिझेलचे मित्रराष्ट्रांच्या वाट्याला आले. याचा त्रास पुरवठ्यात झाला. रणगाड्याला डिझेल, हाफ-ट्रॅकला आणि जीपला पेट्रोल, आणि एखादा रणगाडा जळाला की बदली गाडी मिळेल ती घ्यायची, मग तिचे सुटे भाग वेगळे.

ग्रेहाउंड ही टेहळणीची गाडी, मोरोक्कन स्पाहींच्या, म्हणजे मूळच्या उत्तर आफ्रिकी घोडदळाच्या, रेजिमेंटकडे असलेली. वजन जेमतेम आठ टन, माणसं ४, तोफ ३७ मिलिमीटरची, रस्त्यावर वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत. ती जर्मन रणगाड्याशी लढण्यासाठी नव्हतीच. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते पाहायचं, रेडिओवर कळवायचं आणि निघायचं. तिच्या तळाचा पत्रा इतका पातळ की सुरुंगाच्या भीतीनं सैनिक आत वाळूच्या पिशव्या अंथरत. हाफ-ट्रॅक हे पायदळाचं वाहन, चाडच्या रेजिमेंटचं. सुमारे ९ टन, १३ माणसांची सोय, चिलखत बहुतेक ठिकाणी सव्वासहा मिलिमीटर. रायफलची गोळी नि तोफगोळ्याचे तुकडे अडतील एवढंच. पण मागचे पट्टे आणि पुढचा आस दोन्हींना इंजिनाची ताकद मिळत असल्यानं ती शेतातून, चिखलातून रणगाड्याच्या मागोमाग जाऊ शकायची. लक्लेर यांच्या लढण्याच्या पद्धतीत हेच महत्त्वाचं होतं. रणगाडे, पायदळ, रणगाडाभेदी तोफा आणि इंजिनिअर यांची मिसळ करून लहान तुकड्या करायच्या आणि प्रत्येकीला वेगळ्या वाटेनं सोडायचं. नॉर्मंडीतल्या आलांसों शहरापासून पॅरिसपर्यंत आणि पुढे स्ट्रासबुरपर्यंत हीच रीत दिसते. म्हणून स्मारकात टेहळणीची मोटार आणि पायदळाची गाडी असणं मला योग्यच वाटतं. नुसता रणगाडा ठेवला असता तर अर्धीच गोष्ट सांगितली गेली असती.

आता गाड्यांवरच्या खुणा. फ्रान्सचा नकाशा आणि त्यावर लोरेनचा दुहेरी आडव्या दांड्याचा क्रूस, ही डिव्हिजनची खूण. त्याशिवाय प्रत्येक गाडीला नाव असे आणि त्या नावांमागे पद्धत होती. ५०१व्या रणगाडा रेजिमेंटच्या काही रणगाड्यांवर नेपोलियनच्या १८१४ सालच्या मोहिमेतली नावं, जशी मोंमिराय आणि शांपोबेर. रणगाडाभेदी एम-१० गाड्या चालवणारे होते नौसैनिक, त्यांच्या गाड्यांवर सिमून, सिरोको अशी वाऱ्यांची नावं, जी फ्रेंच युद्धनौकांनाही दिली जात. चाडच्या रेजिमेंटची नववी कंपनी बहुतांश स्पॅनिश. तिच्या हाफ-ट्रॅकवर ग्वादालाहारा, तेरुएल, एब्रो लिहिलेलं असायचं, म्हणजे ज्या गृहयुद्धात ते हरले त्यातल्या लढायांची नावं. २४ ऑगस्ट १९४४च्या रात्री कॅप्टन द्रोन यांच्याबरोबर पॅरिसच्या नगरभवनासमोर पोचले ते हेच हाफ-ट्रॅक आणि तीन शर्मन.

इतिहास इथे आवरतो, कारण अशा स्मारकाचा खरा कठीण भाग पुढे आहे. समुद्राच्या तोंडावर पोलादी गाडी उभी ठेवायची तर ती टिकवायची कशी? कोकणात ज्यांची घरं आहेत त्यांना खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याचं काय होतं ते सांगायला नको. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या गाड्या कोरड्या हवेत आहेत, तिथला हिशोब किनाऱ्यावर चालत नाही.

पहिला शत्रू पाऊस. ग्रेहाउंडचा बुरूज वरून उघडा आणि हाफ-ट्रॅकही उघडा, म्हणजे दोन्ही गाड्या मुळात टब आहेत. वरून झाकण ठोकून टाकलं की काम झालं असं वाटतं, पण घट्ट बंद केलेल्या गाडीत रात्रीचं दव आतून साचतं आणि ती आतून कुजते. वर झाकण हवंच, पण कडेनं हवा खेळती हवी, आणि तळाचे निचऱ्याचे प्लग काढून भोकं मोकळी ठेवली पाहिजेत. ती भोकं पानांनी नि उडून आलेल्या वाळूनं बुजतात, त्यामुळे वर्षातून निदान दोनदा सळई घालून साफ करावी लागतात.

दुसरी गोष्ट जोडांची. ग्रेहाउंडचा सांगाडा वेल्ड केलेला, तर हाफ-ट्रॅकचं चिलखत बोल्टनं बसवलेलं, कारण त्याच्या पाट्यांचा बाहेरचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि तसा पत्रा वेल्डिंगनं बिघडतो. त्यामुळे हाफ-ट्रॅकमध्ये पाटी आणि चौकट यांच्यात शेकडो फटी असतात. फटीत खारं पाणी शिरतं, गंज फुगतो आणि त्या फुगण्यानं बोल्टची डोकी उडतात. बाहेरून नवा रंग आणि आत हे चालू, अशी फसवी अवस्था वर्षानुवर्षं राहते. खरा उपाय एकच : पाट्या उतरवायच्या, दोन्ही बाजू साफ करायच्या, सीलंट लावून पुन्हा बसवायच्या.

हाफ-ट्रॅकचा पट्टा रणगाड्यासारखा कड्याकड्यांचा नसतो. पोलादी तारांभोवती ओतलेल्या रबराचा तो अखंड पट्टा असतो. उन्हानं रबराला चिरा पडतात, चिरेतून मीठ तारांपर्यंत जातं, तार फुगली की रबर आतून फुटतं. नवा पट्टा सहज मिळत नाही. म्हणून गाडीचं वजन पट्ट्यावर आणि टायरवर ठेवायचंच नाही. सांगाड्याखाली लपवलेले पोलादी ठोकळे द्यायचे आणि मागच्या चाकाचा ताण सैल करायचा.

रंगाबद्दल लोक फार हळवे असतात. युद्धकाळातला मळकट हिरवा रंग मॅट होता, चकाकी शत्रूला दिसू नये म्हणून. पण मॅट थर खडबडीत असतो आणि त्यात मीठ अडकून बसतं. माझं मत स्पष्ट आहे : किनाऱ्यावर अर्धमॅट रंग लावावा, हट्ट धरू नये. क्रम असा : दाबानं गोडं पाणी मारून मीठ काढायचं, मग ग्रिट-ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेनं टोकदार कण मारून गंज आणि जुना रंग काढणं, मग पुन्हा मिठाची चाचणी. बहुतेक कामं या शेवटच्या पायरीवर आळस केल्यानं फसतात. मीठ पोलादाच्या सूक्ष्म खड्ड्यात राहिलं की दोन-तीन हंगामांत रंगाला फोड येतात. ब्लास्टिंगनंतर काही तासांच्या आत जस्ताचा प्रायमर, साधारण ६० ते ८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावर इपॉक्सीचे थर, वर पॉलियुरेथेन, एकूण जाडी ३०० मायक्रॉनच्या आसपास. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव पडू लागतं त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश वर असेल तरच रंग द्यायचा. समुद्राकाठी सकाळी ही अट क्वचित पाळता येते, म्हणून काम दुपारी होतं. पातळ पत्रा असेल तिथे ब्लास्टिंगचा दाब कमी ठेवायचा, नाहीतर पत्राच वाकतो. पितळी पाटी पोलादावर थेट बसवायची नाही, मध्ये नायलॉनचा तुकडा हवा, नाहीतर पाटीभोवतीचं पोलाद खाल्लं जातं. आणि गाडीखालचा चौथरा उताराचा हवा, म्हणजे तांबडं पाणी दगडी स्तंभाकडे न वाहता दुसरीकडे जाईल.

एवढं सगळं करताना जी गोष्ट पुसली जाते ती गाडीवरची अक्षरं. ब्लास्टिंगला सुरुवात करण्याआधी नाव, नकाशा-क्रूसाची खूण आणि क्रमांक यांवर पारदर्शक फिल्म धरून खऱ्या आकारात उतरवून घ्यायचं, कडेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचं, आणि शक्य असेल तिथे जुन्या थरांचा नखाएवढा तुकडा जपून ठेवायचा. स्टेन्सिल त्यावरूनच कापायचं, छायाचित्रावरून नाही, कारण छायाचित्र तिरपं असतं आणि अक्षरं हळूहळू फुगत जातात. तिसऱ्या रंगकामानंतर मूळ नावाचं वळण राहत नाही. गाडीचं नाव ज्यानं लिहिलं तो सैनिक पेंटर नव्हता, त्याची अक्षरं वाकडी होती, आणि ती तशीच राहिली पाहिजेत.