कललेली बोट

[क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली बोट. कॅमेरा खालून.]

एरवी हा भाग दिसत नाही. बोट नुकतीच पाण्याबाहेर उचलली आहे. पोटातून पाणी ठिबकतंय, कडेला शंखांचा थर. आणि खाली माशाच्या परासारखी लोंबतेय ती कील. बोटीचा कणाच म्हणा.

बोट 36 फुटांची, वजन सुमारे 6 टन. त्यातले 2 टन या एकट्या बिडाच्या कण्यात आहेत. एक तृतीयांश वजन असं पायाशी बांधून फिरायचं कशाला, हे कळलं की शिडाची बोट निम्मी कळली.

[कील जवळून. नंतर समुद्रात कललेली तीच बोट.]

वारा शिडावर रेलतो, बोट कलते. कलली की कील एका बाजूला वर येऊ लागते आणि तिचं वजन बोटीला परत सरळ ओढू लागतं. बोट आणखी कलली तर हा ओढा वाढतो, उलट आडवं होत चाललेलं शीड वारा कमी धरतं. दोघांचं जिथे जमतं, तिथे बोट टेकते आणि तशीच तिरकी चालत राहते. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं, आता उलटणार. तेव्हा ती फक्त कामाला लागलेली असते.

सरळ उभं राहण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बोट रुंद करायची. रुंद बोट थोड्या वाऱ्यात कमी कलते, आत जागाही ऐसपैस मिळते. पण उताणी पडली तर ती उताणीही तितकीच घट्ट बसते.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं: उसळलेला समुद्र, शिडं उतरवलेल्या बोटी.]

ऑगस्ट 1979. इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायची शर्यत, 303 बोटी. वाटेत वादळानं गाठलं. 15 खलाशी गेले, 5 बोटी बुडाल्या. लोकांनी 24 बोटी सोडून दिल्या होत्या, त्यातल्या 19 नंतर तरंगत सापडल्या. पुढच्या चौकशीत आणि अभ्यासात एक प्रश्न ऐरणीवर आला: किती अंश कलेपर्यंत (90 म्हणजे पूर्ण आडवी) बोट स्वतःहून परत उठते? कुटुंब घेऊन खुल्या समुद्रात जायचं तर हा आकडा 120 च्या आसपास किंवा वर असावा, असं जाणते सांगतात. बोट घेणारे मात्र आधी विचारतात, झोपायला किती जण.

[केबिन. सगळं तिरकं. फक्त शेगडी सरळ.]

ही शेगडी दोन बाजूंच्या खिळींवर टांगलेली आहे. घर झुकलं तरी ती झुकत नाही. तसं पाहिलं तर झुललंय घर, शेगडी जागेवरच आहे. भांड्यातलं पाणी काठाला लागत नाही. स्वयंपाक करणारीच्या कमरेमागे पट्टा आहे. ती त्यावर रेलून दोन्ही हात मोकळे ठेवते.

छताखालचा हा लाकडी दांडा पाहा. एवढ्याच भागात वार्निश उडालंय. शिडीवरून उतरणाऱ्याचा हात दर वेळी इथेच पडतो. प्रदर्शनात बोटी धक्क्याला सरळ उभ्या असतात. तिथे रुंद, मोकळं दालन पाहून माणूस खूश होतो. समुद्रात त्याच दालनाच्या मधोमध, धरायला काही नसताना, तो उभा राहून दाखवू दे.

[बिछान्याच्या कडेला ताणलेलं कापड. आत मुलगी झोपलेली. आवाज फक्त पाण्याचा.]

[कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची उघडी जागा. वारा वाढतोय.]

वारा 12 नॉटवरून 20 वर गेलाय (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर). बोट 25 अंश कलली आहे, सुकाणू जड झालंय, आईला दोन्ही हात लावावे लागतायत. शीड कमी करावं का, असं मनात आलं की त्याच क्षणी करायचं. विचार करत बसलं की उशीर. इथे सगळे दोर कॉकपिटपर्यंत आणलेत, डोलकाठीपाशी जावं लागत नाही. बाबा एक दोर सोडतो, मुलगा दोर ओढायचं चाक, विंच, फिरवतो. शिडाचा खालचा पट्टा दुमडला जातो. कल 15 अंशांवर. वेगाचा आकडा पाहा, तो जवळपास तसाच आहे. आणि सुकाणूवर आता एक हात.

वेग तसाही फार नसतो. पाण्याला टेकलेली लांबी 30 फूट असेल तर अशी बोट आपल्याच लाटेत अडकते आणि सव्वासात नॉटच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटर. सायकलवाला पुढे जाईल.

रुंद बोटीऐवजी अशी अरुंद, जड कीलची बोट घेतली तर आत राहायला अडचण होते, हे खरंच. आणि कील धरून ठेवणारे बोल्ट गंजले तर ती सुटूही शकते, म्हणून ते वेळोवेळी तपासायचे.

[संध्याकाळ. शांत खाडी. बोटीचं पुढचं टोक.]

पाणी 4 मीटर खोल, त्यावर बोटीच्या टोकाची उंची 1 मीटर. या 5 मीटरच्या किमान पाचपट नांगराची साखळी सोडायची, म्हणजे 25. साखळीवर दर 5 मीटरला लाल रंगाची खूण आहे.

"पाच खुणा गेल्या, बाबा."

इंजिन हळूच मागे. साखळी पाण्यातून वर येते, ताणते. मुलगा वाकून तिच्यावर तळहात ठेवतो. नांगर तळावरून घसरत असेल तर साखळी थरथरते.

"नाही थरथरत."

इंजिन बंद.