काटा टायरमध्येच राहिला

मंडळी, आपण मराठीत 'पंक्चर काढलं' असं म्हणतो. काटा काढतो, दात काढतो, तसं पंक्चर काढतो. प्रत्यक्षात आपण ट्यूबला ठिगळ लावतो आणि जे खरोखर काढायचं, तो काटा, ती काच, ती तार, पुष्कळदा टायरमध्येच ठेवून चाक परत बसवतो. चार दिवसांनी चाक पुन्हा बसतं. मग ट्यूबच खराब निघाली, रस्ताच वाईट आहे, असं काहीबाही बोलून दुसरं ठिगळ लागतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी माणूस कंटाळतो आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवतो. अशा टेकवलेल्या सायकली मी फार पाहिल्यात आणि मला त्यांचं मनापासून वाईट वाटतं. त्यातल्या कितीतरी अर्ध्या तासाच्या शोधाने पुन्हा रस्त्यावर आल्या असत्या. त्या शोधाबद्दल आज बोलायचं आहे.

माझ्या स्वतःच्या सायकलीचं मागचं चाक एका महिन्यात चार वेळा बसलं. ठिगळं नीट लावली होती, एकही सुटलं नव्हतं. दर वेळी टायरच्या आतून हातही फिरवला होता, काही लागलं नव्हतं. चौथ्या वेळी ट्यूब पाण्यातून काढून पुसत होतो, तेव्हा लक्षात आलं की आधीची तीन ठिगळं आणि हे नवं भोक एकमेकांच्या शेजारी आहेत. व्हॉल्व्हपासून मोजून बघितलं. एक वीत आणि वर दोन बोटं. चारही त्याच्याच आसपास, आणि चारही रस्त्याकडच्या अंगाला. चार वेगवेगळे काटे चाकाचा एवढा मोठा घेर सोडून त्याच दोन बोटांत कसे शिरतील?

टायरवर तेवढंच अंतर मोजलं, तो भाग उलटा केला आणि दोन्ही अंगठ्यांनी मागून दाबून वाकवला. आतल्या कापडातून एक टोक वर आलं. केसाएवढं बारीक, उजेडाकडे धरल्यावर चमकलं म्हणून दिसलं. टायर सरळ केला की ते आत जायचं, वाकवला की बाहेर यायचं. बारीक चिमट्याने धरून ओढलं, तर नखाएवढ्या लांबीची पोलादी तार निघाली. ट्रकच्या टायरमध्ये अशा तारांचं जाळं असतं. ते टायर फाटले की चिंध्यांबरोबर या तारा रस्त्यावर पसरतात, आणि सायकलच्या टायरमध्ये एकदा शिरली की बाहेरून खूणही राहत नाही. सायकलवर बसलं, टायर रस्त्याला टेकून चपटा झाला, की ती तार ट्यूबला टोचायची. मी रिकामा टायर मांडीवर घेऊन बोट फिरवत होतो, तेव्हा त्याच्यावर भारच नव्हता. ती बोटाला लागणार कशी?

इथे मला एका गोष्टीचा फायदा झाला होता. ठिगळ लावताना मी टायरची एकच कड रिमवरून उतरवत होतो, त्यामुळे टायर आपल्या जागी राहिला होता आणि ट्यूबवरचं माप टायरवर जुळलं. टायर पूर्ण काढून कसाही परत चढवला असता तर ही ठिगळं चार दिशांना पांगली असती आणि मला काहीच कळलं नसतं. म्हणून तेव्हापासून मी टायर बसवताना त्याच्यावर छापलेलं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर आणतो. तुम्हीही आणा. दिसायला ठीक दिसतं म्हणून लोक असं करतात, पण त्याचा खरा उपयोग हा आहे: टायर कितीही वेळा काढला तरी ट्यूबवरच्या भोकासमोर टायरवरची कोणती जागा होती ते सांगता येतं.

ट्यूब बाहेर काढायच्या आधी आणखी एक काम. साखळीच्या बाजूने ट्यूबवर खडूने फुली मारा. नाहीतर ट्यूब हातात आल्यावर तिची डावी-उजवी बाजू कळत नाही आणि मग व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांना माप घेऊन दोन जागा तपासाव्या लागतात. तेही चालतं, वेळ थोडा जास्त जातो इतकंच.

आता भोक शोधायचं. ट्यूब टायरच्या बाहेर असताना तिच्यात भरपूर हवा भरा, नेहमीच्या दुपटीने फुगेल इतकी. अर्धवट फुगलेल्या ट्यूबमधलं बारीक भोक मिटून बसतं. आधी ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवा. गालाची कातडी बोटांपेक्षा लवकर सांगते. नाहीच कळलं तर पाणी. ट्यूब पाण्यात दाबून थोडी थोडी पुढे सरकवा, आणि एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण फेरा करा. व्हॉल्व्हही पाण्यात बुडवा.

भोक सापडलं की त्याच्याभोवती पेनाने गोल करा, आणि आता कृपा करून ठिगळ चिकटवायचं सोल्यूशन लगेच उघडू नका. आधी ते भोक कुठल्या बाजूला आहे ते बघा. इथेच सगळं आहे.

भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर बाहेरून काहीतरी आलेलं आहे आणि ते अजून टायरमध्ये असू शकतं. माप घेऊन तिथे टायर उलटा करून बघायचा, हे सांगितलंच. बाकीच्या टायरवरून नुसतं बोट फिरवू नका. काच असली तर बोट कापेल. सुती कापडाचा बोळा फिरवा. कापडाचा धागा जिथे अडकेल तिथे थांबा. बाहेरूनही रबरात पडलेल्या छोट्या चिरा एकेक करून उघडून बघा. काचेचा कण आज वरच्या थरात असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रस्ता त्याला थोडा थोडा आत ढकलतो आणि पंधरा दिवसांनी तो ट्यूबपर्यंत पोचतो. पावसात पंक्चर जास्त होतात त्याचंही कारण यातच आहे: ओलं रबर धारेला लवकर कापलं जातं, पाणी घसरण करून देतं. शिवाय पाण्याबरोबर वाहून आलेला कचरा रस्त्याच्या कडेला साचतो, आणि आपण सायकलवाले नेमके तिथूनच जातो.

भोक आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल, तर रस्त्याला दोष देण्यात अर्थ नाही. टायरमध्ये कितीही शोधलं तरी काही मिळणार नाही. रिमवर स्पोकची डोकी किंवा त्यांच्यासाठी पाडलेली छिद्रं असतात आणि त्यांच्यावरून एक पट्टी बसवलेली असते, तिला रिम टेप म्हणतात. ही पट्टी जुनी होऊन सैल पडली, बाजूला सरकली, की छिद्राची धार उघडी पडते. हवेच्या दाबाने ट्यूब त्या छिद्रात दबली जाते आणि हळूहळू कापली जाते. एका ओळखीच्या मुलाच्या सायकलीत हेच झालं होतं. त्याने दोन टायर बदलले, काटे शिरू नयेत म्हणून जाड पट्ट्याही आतून बसवल्या, आणि चाक बसतच राहिलं. ट्यूबवर आतल्या अंगाला छोटे गोल दबलेले वळ ओळीने उठले होते, स्पोकच्या छिद्रांच्याच अंतरावर. त्यातला एक फुटला होता. नवी टेप लावली आणि विषय मिटला. ज्या रिमला एकच भिंत असते तिच्यात स्पोकचं टोक निप्पलच्या, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटच्या, वर येऊ शकतं. ते कानसीने घासून सपाट करायचं. रिमचा सांधा असतो तिथेही बोट जपून लावून बघा, कधी कधी धातूचा कंगोरा राहिलेला असतो.

दोन चिरा शेजारी शेजारी, साप चावल्यासारख्या दिसल्या, तर टायरमध्ये हवा कमी होती. खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं की टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब रिमची धार आणि दगड यांच्यात चिमटली जाते. इथे काटा शोधू नका, दाब मोजा. टायरच्या बाजूवर दाब छापलेला असतो, पीएसआय किंवा बारमध्ये. 1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय. अंगठ्याने दाबून 'आहे की हवा' म्हणणं सोडा. अरुंद टायर निम्मी हवा गेल्यावरही अंगठ्याला कडकच लागतो. शिवाय साधी ब्युटिल रबराची ट्यूब भोक नसतानाही हळूहळू हवा सोडते, कारण हवा रबरातून झिरपते. लेटेक्सच्या ट्यूबला तर रोज हवा भरावी लागते. तेव्हा महिनाभर उभ्या असलेल्या सायकलीची हवा उतरली तर ते पंक्चरच असेल असं नाही.

आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेळा का बसतं, असं नेहमी विचारतात. बसणाऱ्याचा जास्त भार मागच्या चाकावर असतो, सामानही मागेच लादतो. दाबाची काळजी तिथे आधी घ्या.

व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर ते बहुतेक ठिगळाने धरत नाही, ट्यूब बदलावी लागते. पण ते का फाटलं ते बघा. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर थोडासा सरकतो, ट्यूबलाही ओढत नेतो, आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. सायकल उभी असताना व्हॉल्व्ह तिरका दिसला की हवा सोडून तो सरळ करा, मग हवा भरा. दोन मिनिटांचं काम आहे. रिमच्या छिद्राची धार आणि पंप हिसकून काढायची सवय, हीदेखील कारणं आहेत.

भोक कुठेच नाही आणि सकाळी चाक बसलेलं, असं असेल तर व्हॉल्व्हवर संशय घ्या. साध्या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, ती कुजते किंवा चिकटते. नवी घालायची. मोटारीसारखा व्हॉल्व्ह असेल तर आतला गाभा सैल झालेला असतो. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावून दोन मिनिटं बघत बसा.

आता जरा मागे जातो. हा सगळा शोध आपल्याला घेता येतो, कारण टायर हाताने उतरतो. सुरुवातीला तसं नव्हतं. जॉन बॉइड डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी हवेचा टायर केला आणि 1888 साली पेटंट घेतलं. पण तो टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं सोडवायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा चिकटवून वाळत ठेवायचं. 1891 मध्ये मिशेलिन बंधूंनी उतरवता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ हा सायकलपटू तो वापरून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत जिंकला. टायर उतरवून आत डोकावता येणं हे तेव्हा केवढं मोठं सुख वाटलं असेल! आपण टायर उतरवतो आणि डोकावतच नाही, याची मला खंत वाटते.

दुरुस्तीनंतर तासाभरात चाक पुन्हा बसलं तर आधी स्वतःच्या हाताकडे बघा. टायर चढवताना शेवटचा भाग घट्ट जातो, तिथे आपण लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, घालतो आणि ट्यूब त्याच्याखाली चिमटते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार द्या, मग टायर चढवा, शेवटचा भाग शक्यतो तळव्यांनीच. जोरात हवा भरायच्या आधी टायर दोन्ही बाजूंनी दाबून बघत एक फेरा करा, कडेखालून ट्यूब डोकावत नाही ना. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा.

ठिगळाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण बाकी तुम्हाला माहीत आहे. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असते. ठिगळ त्या रेघेवर आलं तर रेघेच्या कडेने हवा निसटते. पॉलिश पेपरने रेघ पूर्ण सपाट होईपर्यंत घासा. आणि सोल्यूशन लावल्यावर ते बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबा. घाई इथेच नडते.

एकांनी विचारलंय, एका ट्यूबला किती ठिगळं चालतात. संख्येला मर्यादा नाही. ठिगळावर ठिगळ चढवू नका आणि जुनी ठिगळं काढून टाकू नका, तुमचा सगळा इतिहास त्यांच्यातच आहे.

मागून प्रश्न आलाय की टायरच्या बाजूला चीर पडून आतली ट्यूब फुगून बाहेर दिसते, त्याचं काय. तो टायर संपला, बदला. मात्र बदलण्याआधी ब्रेकचा रबरी ठोकळा टायरला घासत नाही ना ते बघा, नाहीतर नवा टायरही त्याच जागी फाटेल. रस्त्यातच तसं झालं आणि घरी पोचायचं असेल, तर जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून चिरेच्या पाठीशी ठेवा आणि हवा थोडी कमीच भरा. माझ्या पिशवीत असा तुकडा कायम असतो. हा बघा.