पांढरी, जोतं आणि माजुलीचं घर

राम राम मंडळी. माझ्या मागच्या भिंतीवर ही गाळाची रेघ दिसतेय ना? माझ्या छातीला लागते. सप्टेंबर 2025 मध्ये जायकवाडीतून 3 लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं, तेव्हाची ही गोदामाईची खूण.

ही रेघ बघितली की मला माजुली आठवते. आसामात, ब्रह्मपुत्रेच्या मधोमध असलेलं बेट. 2016 पासून अख्खा जिल्हाच. 15 ऑगस्ट 1950 ला तिकडं 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर ढासळले, गाळ नदीत आला, पात्र उथळ झालं आणि नदी काठ खात सुटली. शंभरेक वर्षांपूर्वी साडेबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास असलेलं बेट आज निम्मंही उरलेलं नाही.

तरी माणसं राहतात. तिथल्या मिसिंग समाजाचं घर बघा. 'चांग घर' म्हणतात. खांबांवर उचललेलं, जमीन बांबूची, चढायला ओंडक्यात खाचा पाडून केलेली शिडी. एरवी घराखाली बायका मागावर विणतात, कोंबड्या फिरतात. पूर आला की पाणी खालून निघून जातं, भिंतीला धडका देत नाही. आणि काठ तुटत दारापाशी आला, की बांबू-कूड सोडवायचे आणि मागं सरकून पुन्हा घर उभं करायचं. रान मात्र सोडवून नेता येत नाही. ते दुःख आपल्याला सांगायला नको. आपलीही रानं खरडून गेली, खाली नुसता मुरूम उरला.

एक लक्षात ठेवा. पाणी उतरलं म्हणून लगेच काठावर जाऊ नका. भिजून जड झालेल्या काठाला पाण्याचा टेकू असतो. तो निघाला की काठ ढासळतो.

आता म्हणाल, आपण कुठं बेटावर राहतो? गंगापूर तालुक्यातलं भिवधानोरा आठवा. जायकवाडीच्या फुगवट्यातून लेकरं थर्माकोलवर बसून शाळेला जायची. 2023 मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आसामात दवाखान्याच्या बोटी बेटाबेटांवर जातात, आणि आपल्या लेकरांना शाळेसाठी थर्माकोल. मला याचा फार राग येतो.

आणि उंचावर राहणं आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. जुनं गावठाण बघा, पांढरीच्या, म्हणजे वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडली, त्याच मातीवर नवी उठली, गाव वर चढत गेलं. काळी रानासाठी, पांढरी राहण्यासाठी. मग रस्ता आला, नळ आला, आणि आपण खाली नदीकडं उतरलो.

गावात घरकुलं मंजूर झाली असतील, तर पाया खणायच्या आधी टेप घेऊन या रेघेपाशी या. रेघेची उंची मोजा, गवंड्याला दाखवा, आणि जोतं तिच्या वर घ्या. भिंतीला रंग द्यायचा असेल तर एवढी पट्टी तशीच ठेवा.