होंडा सीबी ७५० आणि कावासाकी झेड-वन

ऑक्टोबर १९६८. टोकियो मोटर शोमध्ये होंडाने सीबी ७५० ही मोटरसायकल मांडली. आडवं बसवलेलं चार सिलिंडरचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, सुरू करायला सेल्फ, दोन्ही बाजूंना दोन-दोन सायलेन्सर. यातली एकेक गोष्ट आधी कुठे ना कुठे दिसली होती. पण हे सगळं एकाच गाडीत, तेही कुणीही शोरूममध्ये जाऊन विकत घ्यावी अशा गाडीत, पहिल्यांदाच आलं होतं. अमेरिकेत किंमत १४९५ डॉलर.

इतकी गाडी खपेल याची खात्री खुद्द होंडालाही नव्हती. म्हणून महागडे डाय (पोलादी साचे) न बनवता सुरुवातीचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, साध्या साच्यात ओतले. त्या पहिल्या सात हजारांवर गाड्यांच्या इंजिनावरून हात फिरवला, की तो खडबडीतपणा बोटांना लागतो. संग्राहक आज नेमक्या त्याच शोधत असतात.

खरा घाव बसला कावासाकीला. चार सिलिंडरच्या ७५० सीसी गाडीचं काम त्यांच्याकडेही सुरू होतं. होंडा दिसल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि इंजिन थेट ९०३ सीसीवर नेलं. १९७२ साली झेड-वन आली. प्रकल्पाचं गुप्त नाव 'न्यूयॉर्क स्टेक', कारण डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते अमेरिकेचं.

होंडाची ताकद ६७ हॉर्सपॉवर, कावासाकीची ८२. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते आतलं काम. होंडाला एकच कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट नीट करायला, पाना आणि फीलर गेज पुरतो, घरच्या घरी जमतं. कावासाकीला दोन कॅमशाफ्ट, आणि गॅप बिघडली की नेमक्या मापाची शिम (पातळ चकती) शोधत बसा. मोठं काम निघालं की मात्र पारडं फिरतं. होंडाचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढायचं तर आख्खं इंजिन फ्रेममधून खाली घ्यावं लागतं. झेड-वनचं हेड इंजिन जागेवर ठेवूनच निघतं. शिवाय तिचा क्रँकशाफ्ट रोलर बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे ड्रॅग रेसिंगवाल्यांनी (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतींवाल्यांनी) त्या इंजिनातून वाटेल तेवढी ताकद काढली.

अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर दोघींनीही नाव काढलं. १९७० साली डिक मान या रेसरने होंडावर डेटोना २०० ही शर्यत जिंकली. मार्च १९७३ मध्ये कावासाकी तिथेच चोवीस तास धावली, सरासरी ताशी सुमारे १७६ किलोमीटरने.

रोज चालवायला मी होंडाच निवडेन. तिचा स्वभाव मवाळ आहे, आणि झेड-वनची चेसिस वेग वाढला की डुलायला लागते. इंजिन म्हणाल तर कावासाकीचं, त्यात दुसरा विचार नाही.

जपानमध्ये तेव्हा कंपन्या ७५० सीसीपेक्षा मोठी गाडी विकत नसत. त्यामुळे १९७३ साली कावासाकीने घरच्या बाजारासाठी तेच इंजिन ७४६ सीसीचं केलं, झेड-टू नावाने. होंडाच्या ७५० समोर कावासाकीची ७५० शेवटी उभी राहिली, पाच वर्षांनी.