दोन त्रुटींमधली वाट

(पडदा काळा. कीबोर्डचा आवाज. अक्षरं उमटतात: तैवान, 10 डिसेंबर 2020.)

डेव्हकोअर या तैवानी सुरक्षा कंपनीचे संशोधक, ऑरेंज साई या नावाने ओळखले जाणारे, ऑक्टोबरपासून एकाच सॉफ्टवेअरच्या मागे लागले आहेत. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज. जगभरातल्या असंख्य कार्यालयांची ईमेल याच सर्व्हरवर चालते. आज त्यांना पहिली त्रुटी सापडली आहे.

एक्स्चेंजचे दोन भाग. पुढचा इंटरनेटकडे तोंड करून बसतो, आलेली विनंती घेतो आणि मागच्याकडे पोचवतो. मागच्याचा पुढच्यावर पूर्ण विश्वास. त्याने पाठवलं म्हणजे घरचंच माणूस. पण विनंती मागे कुठे पोचवायची, हे पुढचा भाग ब्राउझरकडून आलेल्या कुकीत वाचत होता. कुकी म्हणजे मजकुराची एक ओळ, आणि ती लिहिणं पाठवणाऱ्याच्या हातात. ओळ बदलली की सर्व्हर स्वतःच्या अधिकाराने हल्लेखोराचा निरोप आत पोचवतो. 27 डिसेंबरपर्यंत साई याच वाटेने पासवर्डशिवाय अ‍ॅडमिनच्या पानापर्यंत पोचले होते.

30 डिसेंबर. दुसरी त्रुटी.

(पडद्यावर सेटिंगचं पान. एका रकान्यावर प्रकाश.)

ही अ‍ॅडमिनच्याच पानावर आहे. ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुकच्या सेटिंगमध्ये बाहेरचा वेब पत्ता लिहायचा एक रकाना असतो. सेटिंग रीसेट केली की आधीची माहिती एका फाइलमध्ये साठवली जाते. ती कुठे ठेवायची, तिचं नाव काय, हे अ‍ॅडमिन सांगतो. आता त्या रकान्यात पत्त्याला चिकटून प्रोग्रामची एक ओळ लिहिली, फाइलला वेब पानाचं नाव दिलं आणि ती वेबच्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर ते पान उघडताक्षणी ती ओळ चालते. सर्व्हर गेला.

ही दुसरी त्रुटी जरा एकटी ठेवून बघा. अ‍ॅडमिनचं लॉगिन असेल तरच ती वापरता येते. सुरक्षा ऑडिटच्या बैठकीत अशा नोंदीवर काय बोललं जातं, ते या कामातल्या माणसाला पाठ असतं. ‘अ‍ॅडमिनच झाला, तर तो हवं ते करणारच की. हे पुढच्या वेळी बघू.’ त्यात आळस नसतो. समोर दोनशे नोंदींची यादी असते आणि प्रत्येकीला धोक्याचा वेगळा गुण दिलेला असतो. लॉगिनची ती अट पहिल्या त्रुटीने आधीच निकालात काढली आहे, हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

31 डिसेंबरला साईंनी दोन्ही जोडल्या. 5 जानेवारी 2021 ला मायक्रोसॉफ्टला कळवलं. पॅच, म्हणजे दुरुस्ती, 2 मार्चला आला, पण त्याआधीच हल्ले सुरू झाले होते. नॉर्वेची संसद आणि युरोपियन बँकिंग अथॉरिटी या दोघांनाही झळ बसली. या दोन त्रुटींच्या जोडीचं नाव प्रॉक्सीलॉगॉन.

हे जोडण्याचं काम यंत्राला देता येईल का?

2002 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातले ओलेग शेनर यांनी जेनेट विंग, सोमेश झा आदींसोबत एक पद्धत मांडली. प्रत्येक हल्ल्यासाठी दोन गोष्टी लिहायच्या: तो करायला काय लागतं, आणि केल्यावर काय मिळतं. एकाचं ‘मिळतं’ दुसऱ्याच्या ‘लागतं’ला जुळलं की मध्ये रेघ ओढायची. मला या सगळ्या विषयातली हीच कल्पना सगळ्यात मोलाची वाटते. अडचण वेळेची होती. पाच यंत्रं आणि आठ प्रकारचे हल्ले एवढ्यालाच संगणकाला दोन तास लागले.

2005 मध्ये प्रिन्स्टनच्या शिनमिंग ओऊ आणि सहकाऱ्यांनी मलव्हॅल नावाचं इंजिन मांडलं. तेही असेच नियम वापरतं. यंत्रावर हा बग, म्हणजे ही त्रुटी, असेल, ती सेवा चालू असेल आणि हल्लेखोराला तिथवर पोचता येत असेल, तर ते यंत्र त्याच्या ताब्यात. हजारो यंत्रांच्या नेटवर्कचं विश्लेषण आता काही सेकंदांवर आलं.

(पडद्यावर तीन चौकोन: वेब सर्व्हर, फाइल सर्व्हर, वर्कस्टेशन.)

त्यांचं उदाहरण बघा. वेब सर्व्हरवर अपाचेचा, म्हणजे वेब पानं पुरवणाऱ्या प्रोग्रामचा, एक बग. त्यातून हल्लेखोर आत आला. वेब सर्व्हरला फाइल सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये लिहिता येतं, म्हणून त्याने तिथला एक प्रोग्राम बदलला. आतल्या वर्कस्टेशनवरचा कर्मचारी तोच प्रोग्राम तिथून उघडतो. त्याने उघडला. संपलं! वर्कस्टेशनवरच्या एकाही बगला हात लावावा लागला नाही. मधली कडी तर बगही नव्हती, साधी परवानगी होती. निव्वळ बग शोधणाऱ्या स्कॅनरला ही वाट दिसत नाही, ती याचमुळे.

मलव्हॅलला मात्र आधी कोणीतरी बग सांगावे लागतात. नवे बग शोधणं हे वेगळंच काम, आणि तेही आता यंत्रं करू लागली आहेत. डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या एआय सायबर चॅलेंज या स्पर्धेची अंतिम फेरी ऑगस्ट 2025 मध्ये लास वेगासला संपली. स्पर्धक संघांच्या प्रणालींनी मुद्दाम पेरलेल्या त्रुटींपैकी 54 हुडकल्या, 43 दुरुस्त केल्या, आणि कोणी न पेरलेल्या 18 खऱ्या त्रुटीही बाहेर काढल्या. 40 लाख डॉलर जिंकले टीम अटलांटाने. तरी तिथे गुण एकेका त्रुटीला होते. साईंनी डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी केलं ते काम, एकीचं ‘मिळतं’ दुसरीला नेऊन लावण्याचं, आजच्या सुरक्षा टेस्टिंगच्या रिपोर्टमध्येही बहुतेकदा माणसाच्या डोक्यात होतं आणि तिथेच राहतं. त्यासाठी रिपोर्टमध्ये ‘काय लागतं’ आणि ‘काय मिळतं’ हे दोन रकाने जरी भरले, तरी यंत्राला जोडायला काहीतरी हाताशी येईल. आज तिथे बहुतेकदा गुण असतो आणि एक लाल-पिवळा रंग.

(पुन्हा तेच तीन चौकोन.)

समजा फाइल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वेब सर्व्हरच्या नावापुढे ‘आरडब्ल्यू’ खोडून ‘आरओ’ लिहिलं. वाचता येईल, लिहिता येणार नाही. इंजिन पुन्हा चालवा. अपाचेचा बग आहे तिथेच आहे, त्याला पॅच लागणारच आहे. पण वेब सर्व्हरच्या चौकोनातून फाइल सर्व्हरकडे जाणारी रेघ पडद्यावरून गेली आहे.